संगणक जुना झाला, म्हणजे नेमकं काय झालं?

म्युनिक, स्टुटगार्ट, फ्रँकफर्ट किंवा बर्लिनमधल्या मराठी घरांत एक लॅपटॉप हमखास सापडतो. २०१६-१७ च्या सुमारास घेतलेला. नोकरीचं काम कंपनीच्या लॅपटॉपवर होतं, हा घरचा. मुलांचा अभ्यास, घरभाड्याचा करार, कराची कागदपत्रं, पुण्या-नाशिकच्या आजी-आजोबांशी रविवारचं बोलणं, सगळं ह्याच्यावर. तो बंद पडलेला नाही. पण सुरू व्हायला वेळ घेतो, पंखा घरघरतो, आणि विंडोज सांगतं की हे यंत्र विंडोज ११ साठी पात्र नाही. नोव्हेंबर आला की दुकानांत सवलतीच्या पाट्या लागतात. ऑफिसातला सहकारी म्हणतो, "डिसेंबरात घे, टॅक्समध्ये परत मिळतील." आणखी कोणी सांगतं की नवा लॅपटॉप वीज कमी खातो, म्हणजे पर्यावरणालाही बरा.

या तिन्ही बोलण्यांत थोडं थोडं तथ्य आहे, पण मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. संगणक जुना झाला असं आपण म्हणतो तेव्हा त्यातलं नेमकं काय संपलेलं असतं? ते शोधलं की कधी घ्यायचा हे बहुतेक वेळा आपसूक ठरतं. आणि पुष्कळदा असंही निघतं की अजून घ्यायची गरजच नाही.

आल्डीसमोरच्या रांगा

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मनीत एक दृश्य पुनःपुन्हा दिसायचं. आल्डी हे स्वस्त किराण्याचं दुकान. तिथे ठरावीक दिवशी मेडिऑन कंपनीचे संगणक विक्रीला यायचे आणि दुकान उघडायच्या आधीपासून दारासमोर रांग लागायची. दूध-बटाटे घ्यायला येणारी माणसं खोकी उचलून घरी न्यायची. दोन-तीन वर्षांपूर्वी घेतलेला संगणक घरात असूनही अनेक जण त्या रांगेत असायचे.

त्या घाईमागे कारण होतं. संगणकाचा प्रोसेसर, म्हणजे प्रत्यक्ष आकडेमोड करणारा भाग, ठरावीक ठोक्यांवर चालतो. १९९३ साली आलेल्या पहिल्या पेंटियम प्रोसेसरचे ठोके सेकंदाला ६ कोटी, म्हणजे ६० मेगाहर्ट्झ होते. २००० साली हा आकडा १ गिगाहर्ट्झवर, म्हणजे १०० कोटींवर गेला आणि २००४ च्या अखेरीस ३.८ गिगाहर्ट्झवर. अकरा वर्षांत साठपटीहून जास्त. अशा काळात तीन वर्षांचं यंत्र खरोखरच मागे पडत होतं. नवे प्रोग्रॅम त्याच्यावर नीट चालतच नसत.

हा वेग कुठून येत होता? आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली एक गोष्ट मांडली होती. चिपवरचा ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचा सूक्ष्म खटका, लहान केला की त्याला लागणारा व्होल्टेजही त्या प्रमाणात कमी करता येतो. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त खटके बसतात, ते जास्त वेगाने उघड-मीट करतात आणि तरीही चिप पहिल्याइतकीच तापते. तीस वर्षं हे गणित जमत गेलं. २००५ च्या आसपास ते अडलं. खटके इतके लहान झाले की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली, व्होल्टेज आणखी खाली नेता येईना आणि उष्णता काढून टाकणं अशक्य होऊ लागलं. आजचे घरगुती प्रोसेसर फार तर पाच-सहा गिगाहर्ट्झपर्यंत जातात, तेही थोडा वेळ. म्हणजे पुढच्या वीस वर्षांत ठोके दुप्पटही झाले नाहीत.

कारखान्यांनी मग दुसरी वाट धरली. एका चिपवर चार, आठ, सोळा गाभे, म्हणजे स्वतंत्रपणे आकडेमोड करणारे भाग, बसवले. प्रत्येक ठोक्याला होणारं कामही वाढवलं. व्हिडिओ संपादन, मोठे खेळ, वैज्ञानिक गणितं यांना त्याचा पुरेपूर लाभ होतो. पण ईमेल वाचणं, पत्र लिहिणं, बँकेचं खातं पाहणं ही कामं सोळा गाभ्यांत वाटून देण्यासारखी नसतातच. म्हणून आठ वर्षांपूर्वीचा चांगला प्रोसेसर घरच्या कामाला आजही पुरतो, आणि १९९५ चा संगणक मात्र २००३ साली अडगळीत गेलेला होता.

तेव्हाच्या वेगाची एक फार सुंदर कसोटी १९९९ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठातल्या काही खगोलशास्त्रज्ञांनी मांडली. संगणकाची ताकद दर अठरा महिन्यांनी दुप्पट होत असेल, तर फार लांबलचक गणित आज सुरू करावं, की थांबून, नंतर चांगला संगणक घेऊन सुरू करावं? उत्तर असं निघालं की गणिताला आजच्या यंत्रावर सुमारे २६ महिन्यांहून जास्त लागणार असतील तर थांबणंच फायद्याचं. पाच वर्षांचं गणित घ्या. सुमारे बावीस महिने काहीही न करता थांबलात आणि मग नवं यंत्र घेतलंत, तर त्याला ते सगळं काम सव्वीस महिन्यांत जमतं. एकूण चार वर्षं. आज लगेच सुरू करणाऱ्याच्या एक वर्ष आधी तुम्ही मोकळे!

घरच्या संगणकापुरता तो हिशेब आता लागू पडत नाही. "थांबलो तर स्वस्त आणि दुप्पट चांगला मिळेल" ही आशा त्याच काळातून आपल्या मनात राहिलेली आहे. २०२५ च्या अखेरीस तर उलटंच घडलं. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांसाठी मेमरी चिपची मागणी एवढी वाढली की घरगुती रॅमचे भाव झपाट्याने चढले. तेव्हा नुसत्या भावाकडे डोळे लावून थांबण्यात अर्थ नाही, आणि नुसतं वय मोजून घाई करण्यातही नाही.

मग तो मंद का होतो?

चिप झिजून मंद होत नाही. २०१७ चा प्रोसेसर आजही सेकंदाला तेवढीच आकडेमोड करतो. मंदपणा येतो तो त्याच्या आजूबाजूने.

लग्नाच्या मांडवातला आचारी डोळ्यांसमोर आणा. त्याचा हात कितीही चालता असो, समोरच्या ओट्यावर जेवढं सामान मावतं तेवढ्यावरच तो काम करतो. ओटा भरला की काही जिन्नस मागे कोठीत ठेवायचे, लागतील तसे परत आणायचे. कोठी लांब असेल आणि ने-आण करणारा एकच माणूस असेल, तर आचारी बराच वेळ हात चोळत उभा राहतो. संगणकात प्रोसेसर हा आचारी, रॅम हा ओटा आणि डिस्क ही कोठी. गेल्या दहा वर्षांत आचारी बदलला नाही, पण पदार्थांची यादी वाढली. ब्राउझरच्या उघड्या पानांना, व्हिडिओ कॉलला, पाठीमागे चालणाऱ्या अद्ययावतीकरणाला पूर्वीपेक्षा किती तरी जास्त जागा लागते. ४ जीबीचा ओटा २०१५ साली पुरत होता, आज पुरत नाही. सामान सारखं कोठीत जात-येत राहतं.

आणि कोठी जर फिरत्या चकतीची जुनी हार्ड डिस्क असेल, तर अडचण दुप्पट. लॅपटॉपमधली अशी चकती मिनिटाला ५४०० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचणाऱ्या सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी थांबावं लागतं, शिवाय सुई योग्य जागी सरकायला आणखी दहाएक मिलिसेकंद. सेकंदाला जेमतेम साठ-सत्तर खेपा होतात. एसएसडीमध्ये काहीच फिरत नाही. ती तेवढ्याच वेळात हजारो खेपा करते. म्हणूनच चकती काढून एसएसडी बसवली की तोच लॅपटॉप नव्यासारखा वाटतो. बदललेला असतो तो फक्त कोठीकडचा रस्ता.

हे तुमच्या यंत्रात घडतंय का, हे पाहायला तंत्रज्ञ लागत नाही. नेहमीची कामं उघडा आणि कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. 'मेमरी'चा आकडा नव्वद टक्क्यांच्या वर आणि 'सीपीयू'चा वीस-तीसच्या आसपास असेल, तर रॅम अपुरी पडतेय. 'डिस्क' सारखी शंभर टक्क्यांवर चिकटलेली असेल, तर चकतीचा दोष. 'सीपीयू' स्वतःच दीर्घकाळ शंभरावर राहत असेल आणि तुम्ही व्हिडिओ बनवण्यासारखं जड काम करत असाल, तरच प्रोसेसर कमी पडतोय असं म्हणता येईल. घरच्या लॅपटॉपवर हा तिसरा प्रकार क्वचित दिसतो.

पंख्याची घरघर हाही वेगळा आजार. जर्मनीत गावोगावी स्वयंसेवकांचे रिपेअर कॅफे भरतात. या कल्पनेची सुरुवात २००९ साली ॲमस्टरडॅममध्ये झाली, आणि जर्मनीतल्या अशा गटांना म्युनिकची 'आनश्टिफ्टुंग' ही संस्था जोडून ठेवते. तिथे लॅपटॉपचं खालचं झाकण उघडलं की पंखा आणि तांब्याच्या पट्ट्या यांच्या मध्ये कपड्यांच्या तंतूंचा आणि धुळीचा राखाडी थर बसलेला दिसतो, कधी कधी चिमटीने अख्खा उचलता येईल इतका जाड. हवा अडली की प्रोसेसर तापतो, आणि जळू नये म्हणून तो आपणहून वेग कमी करतो. तो थर काढला, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी, पण आता सुकलेली पेस्ट पुसून नवी लावली, की वेग परत येतो. बॅटरीचंही तसंच. लिथियम-आयन बॅटरी काहीशे वेळा भरून रिकामी झाली की तिची धारणा घटते, ते रसायनाचं वय आहे. बॅटरी बदलता येते.

अडचण एकच, आणि ती खरी आहे. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मुख्य पट्टीवरच डाख दिलेली असते. ती वाढवता येत नाही. रॅम कमी आणि वाढवणं अशक्य, असा मेळ पडला की यंत्राच्या बाजूने नव्या खरेदीचं पहिलं पटणारं कारण मिळतं.

फ्रायबुर्गचा हिशेब

"नवा वीज कमी खातो" हे म्हणणं जर्मनीत कोणीतरी नीट तपासून पाहिलं आहे. सरकारच्या पर्यावरण कार्यालयासाठी, म्हणजे देसाउच्या उमवेल्टबुंडेसआम्टसाठी, फ्रायबुर्गच्या ओको-इन्स्टिट्यूटने आणि बर्लिनच्या फ्राउनहोफर आयझेडएम या संस्थेने २०१२ साली लॅपटॉपच्या संपूर्ण आयुष्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाच वर्षांच्या आयुष्यात लॅपटॉपमुळे जेवढे हरितगृह वायू हवेत जातात, त्यांतला निम्म्याहून जास्त वाटा तो तुमच्या हाती येण्याआधीच, बनवतानाच हवेत गेलेला असतो. मग त्यांनी विचारलं: नवा लॅपटॉप जुन्यापेक्षा दहा टक्के कमी वीज खात असेल, तर त्याच्या निर्मितीची भरपाई व्हायला किती वर्षं लागतील? उत्तर आलं, ३३ ते ८९ वर्षं.

हा आकडा प्रथम वाचला की चूक वाटते. पण चिप कशी बनते ते पाहिलं की पटतो. सिलिकॉनच्या तबकडीवर शेकडो टप्प्यांत थर चढवले आणि कोरले जातात, आणि या सगळ्याला महिने लागतात. कारखान्यातल्या त्या खोल्यांतली हवा अहोरात्र गाळावी लागते, त्या कधीच बंद ठेवता येत नाहीत. कोरायला आणि सफाईला वापरले जाणारे फ्लोरिनयुक्त वायू हवेत निसटले तर कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट तापमानवाढ करतात. लॅपटॉपचं वजन दीड-दोन किलो, पण त्यामागचा खटाटोप एवढा मोठा.

वापरातली वीज मात्र थोडी असते. ३० वॅटचा लॅपटॉप रोज आठ तास, वर्षाला २२० दिवस चालला तर सुमारे ५३ युनिट. जर्मनीतला युनिटचा दर ४० सेंट धरला, तर वर्षाचे २१ युरो. त्यातले दहा टक्के वाचले, म्हणजे दोन युरो. वीज वाचवण्यासाठी नवा लॅपटॉप घेणं हे पैशाच्या आणि पर्यावरणाच्या, दोन्ही हिशेबांनी तोट्याचं आहे, आणि हे मला अगदी ठामपणे सांगावंसं वाटतं. कारण चांगल्या हेतूने खरेदी करणारी माणसंच या समजाला बळी पडतात.

पण हाच हिशेब दुसऱ्या टोकाला नेला की उलटतो. ज्यूलिशच्या संशोधन केंद्रातला 'जुक्वीन' हा महासंगणक २०१२ मध्ये आला आणि २०१८ मध्ये बंद झाला. तो बिघडला नव्हता. त्याला सुमारे २.३ मेगावॅट वीज लागायची, अहोरात्र. म्हणजे वर्षाला दोन कोटी युनिटच्या घरात. चाचणीत त्याची गती ५ पेटाफ्लॉप्स (महासंगणकांचा वेग मोजायचं एकक) होती. २०२० साली तिथेच बसवलेल्या 'जुवेल्स बूस्टर'ने १.८ मेगावॅटहून कमी विजेत ४४ पेटाफ्लॉप्स गाठले. दर वॅटमागे अकरापटीहून जास्त काम. अशा ठिकाणी सहा वर्षांचं चालू यंत्र बंद करणंच शहाणपणाचं होतं.

ज्यूलिश आणि तुमचं घर यांत फरक कशाचा? यंत्राचे वॅट आणि ते चालण्याचे तास यांच्या गुणाकाराचा. त्यावरून घरातलाही एक अपवाद सापडतो. जुना डेस्कटॉप फोटो साठवायला किंवा कॅमेऱ्याचं चित्रण ठेवायला रात्रंदिवस चालू ठेवला असेल आणि तो ६० वॅट खात असेल, तर वर्षाला ५२५ युनिट, सुमारे २१० युरो. त्या जागी १० वॅटचा छोटा संगणक ठेवला तर ३५ युरो. हा मात्र खुशाल बदला. वर्षा-दीड वर्षात पैसे वसूल.

आधार संपतो तेव्हा

यंत्र ठणठणीत असूनही बदलायला लावणारं एक कारण मात्र गंभीर आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. आधार थांबला म्हणजे संगणक थांबत नाही, सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबतात.

याचा धोका हळूहळू वाढतो, आणि तो कसा ते कळणं महत्त्वाचं. विंडोज १० आणि ११ यांचा बराचसा अंतर्भाग एकच आहे. विंडोज ११ मधलं एखादं भगदाड बुजवणारी दुरुस्ती प्रसिद्ध झाली की हल्लेखोर दुरुस्तीआधीची आणि नंतरची फाइल शेजारी ठेवून पाहतात आणि भगदाड कुठे होतं ते ओळखतात. तेच भगदाड विंडोज १० मध्ये उघडंच असण्याची शक्यता असते. म्हणजे नव्या प्रणालीची प्रत्येक दुरुस्ती जुन्या प्रणालीतल्या उणिवेचा पत्ता सांगते. बँकेचे व्यवहार ज्यावर होतात तो संगणक अशा अवस्थेत ठेवू नये. बॉनच्या बीएसआय या सरकारी माहिती-सुरक्षा कार्यालयानेही प्रणाली वेळेत बदलण्याचा सल्ला दिला होता.

पण 'प्रणाली बदला' म्हणजे 'संगणक बदला' नव्हे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही कुलपाच्या किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा-व्यवस्था आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. काही यंत्रांत टीपीएम असतंच, फक्त सुरुवातीच्या सेटिंगमध्ये बंद ठेवलेलं. ते आधी पाहा. प्रोसेसर जुना असेल तर युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या सुरक्षा-दुरुस्त्या विनामूल्य देऊ केल्या, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नोंदणी करण्याच्या अटीवर. तिसरा मार्ग लिनक्स या मुक्त प्रणालीचा.

हा पेच जर्मनीला नवा नाही. विंडोज एनटी ४ चा आधार संपत आला तेव्हा म्युनिक महापालिकेपुढे सुमारे १४ हजार संगणकांचा हाच प्रश्न होता. २००३ च्या मे महिन्यात नगरपरिषदेने लिनक्सकडे वळायचं ठरवलं. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर स्वतः महापौर क्रिस्टियान उडे यांना भेटून गेले होते, तरीही. 'लिमुक्स' नावाचं ते काम २०१३ मध्ये पूर्ण झालं, आणि २०१७ मध्ये नव्या राजकीय बहुमताने पुन्हा विंडोजकडे जायचं ठरवलं. आता श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने सुमारे ३० हजार कर्मचाऱ्यांसाठी मुक्त प्रणालींचा मार्ग धरला आहे. म्युनिकच्या अनुभवाचा घराला लागू पडणारा भाग असा: लिनक्स जुन्या यंत्रावर उत्तम चालतं, अडचण येते ती एखाद्या ठरावीक प्रोग्रॅमशिवाय आपलं पान हलत नसेल तेव्हा. ज्यांचं सगळं काम ब्राउझरमध्येच होतं, त्या आजी-आजोबांना फरक जाणवतही नाही. मराठी टंकलेखनाची सोयही तिथे आहे.

ॲपलवाल्यांसाठी: २०२५ ची 'ताहो' ही इंटेल प्रोसेसरच्या मॅकवर चालणारी शेवटची मॅक-प्रणाली असल्याचं ॲपलने जाहीर केलं आहे. इंटेलचा मॅक असेल तर त्याची मुदत आता मोजता येते.

चौकट: जर्मनीत खरेदी करताना

• विक्रेत्याची कायदेशीर जबाबदारी दोन वर्षं. पहिल्या १२ महिन्यांत दोष निघाला तर तो मुळातच होता असं धरलं जातं (१ जानेवारी २०२२ पासूनच्या खरेदीला). विक्रेत्याकडून वापरलेली वस्तू घेतल्यास ही मुदत एक वर्षावर आणलेली असू शकते.

• ऑनलाइन घेतलेला माल १४ दिवसांत कारण न देता परत करता येतो. दुकानात घेतलेल्याला हा हक्क नाही.

• सवलत जाहीर करताना गेल्या ३० दिवसांतला सर्वांत कमी भाव दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की सवलतीची टक्केवारीही त्याच भावावरून मोजायची. तो खटला आल्डी स्यूडच्या केळी-अननसांच्या जाहिरातीवरचा होता, पण नियम लॅपटॉपलाही लागू आहे.

• भारतातून नवा लॅपटॉप आणताना विमान-प्रवाशाची करमुक्त मर्यादा ४३० युरो. त्यावर किंमत गेली की पूर्ण किमतीवर कर भरावा लागतो.

डिसेंबर की जानेवारी?

आता सहकाऱ्याच्या सल्ल्याकडे. पूर्वी संगणकाची किंमत तीन वर्षांत विभागून वजा करावी लागे. अर्थ मंत्रालयाच्या २६ फेब्रुवारी २०२१ च्या पत्राने संगणकाचं वापर-आयुष्य एक वर्ष धरायला परवानगी दिली, आणि २०२२ च्या पत्राने ते आणखी स्पष्ट केलं. त्यामुळे नोकरीसाठी वापरायचा लॅपटॉप घेतला त्याच वर्षी पूर्ण वजा दाखवता येतो. नोकरीचा वापर किमान ९० टक्के असेल तर पूर्ण किंमत, नाहीतर प्रमाणात.

इथपर्यंत सहकारी बरोबर आहे. त्याच्या लक्षात न आलेली गोष्ट ही की प्रत्येक नोकरदाराला २०२३ पासून १,२३० युरोंची सरसकट वजावट काहीही न दाखवता मिळतेच. तुमचा खर्च त्याच्या वर गेला तरच वरचा भाग उपयोगी पडतो. समजा, तुम्ही वर्षात ८० दिवस घरून काम केलंत. दिवसाला सहा युरोंप्रमाणे ४८० युरो झाले. ९०० युरोंचा लॅपटॉप त्यात मिळवला की १,३८०. प्रत्यक्ष लाभ फक्त १५० युरोंवरचा. तुमचा वरचा करदर ३५ टक्के असेल तर हाती येतात सुमारे ५२ युरो, नऊशेचे ३५ टक्के नव्हेत. दुसरा कोणी वर्षातले २१० दिवस घरून काम करत असेल तर त्याचे १,२६० आधीच झालेले, त्याला लॅपटॉपची पूर्ण किंमत कामी येते. एकाच ऑफिसातल्या दोघांना म्हणूनच वेगवेगळे अनुभव येतात.

तेव्हा महिना महत्त्वाचा नाही, वर्ष महत्त्वाचं. लॅपटॉप, पडदा, टेबल-खुर्ची, भाषेचा किंवा कामाचा अभ्यासक्रम असे खर्च येणारच असतील, तर ते एका वर्षात एकत्र आणा, दोन वर्षांत विखरू देऊ नका. यंदा बाकी खर्च नसेल आणि पुढच्या वर्षी असेल, तर डिसेंबरऐवजी जानेवारीच बरा.

घ्यायचाच झाला तर

रॅम वाढत नाही, किंवा प्रणालीला आधार नाही आणि पर्यायही चालत नाही, किंवा काम खरंच बदललं, उदाहरणार्थ मुलगी वास्तुकला शिकायला लागली: यांपैकी काही झालं असेल तर थांबू नका. आणि मग जे पुढे बदलता येणार नाही त्यावर पैसे घाला. प्रोसेसर एक पायरी खालचा चालेल, रॅम १६ जीबीपेक्षा कमी नको. झाकण स्क्रूचं आहे का, रॅम सुटी आहे का, हे दुकानदाराला विचारा.

युरोपचे दोन नियमही लक्षात ठेवण्यासारखे. २८ एप्रिल २०२६ पासून नव्या लॅपटॉपला यूएसबी-सी चार्जिंग सक्तीचं आहे. आणि १८ फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांतली बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता-बदलता यायला हवी. तुमचं यंत्र तोवर तग धरत असेल, तर हे थांबण्याचं रास्त कारण आहे.

नवाच हवा असंही नाही. जर्मन कंपन्या लॅपटॉप तीन-चार वर्षांच्या भाडेकरारावर घेतात आणि मुदत संपली की परत करतात. ती यंत्रं मजबूत बांध्याची आणि बहुधा उघडता येणारी असतात. एटलिंगेनची एएफबी ही लोकोपयोगी कंपनी अशी यंत्रं पुसून, तपासून विकते, आणि तिच्याकडे काम करणाऱ्यांत जवळजवळ निम्मी माणसं अपंगत्व असलेली आहेत. घेताना प्रोसेसर विंडोज ११ ला चालणारा आहे ना, एवढं पाहा. कीबोर्डही पाहा: जर्मन मांडणीत वाय आणि झेडच्या जागा बदललेल्या असतात. सवय होते, पण कोड लिहिणाऱ्यांना चौकटी कंस शोधताना त्रास होतो. इंग्रजी मांडणीचं यंत्र मागवता येतं.

जुना टाकण्याआधी त्यातली माहिती काढा. एसएसडीवरची फाइल नुसती 'डिलीट' करून पुसली जात नाही. आधी संपूर्ण डिस्क कूटबद्ध करा आणि मग यंत्र मूळ स्थितीत आणा, म्हणजे उरलेले अंश कोणाला वाचता येणार नाहीत. मोठ्या दुकानांना २५ सेंटिमीटरपर्यंतची उपकरणं काही न विकत घेताही स्वीकारावी लागतात. लॅपटॉप बहुधा त्याहून रुंद असतो, म्हणून त्यासाठी नवा घेतानाच जुना पुढे करावा किंवा तो गावच्या वेर्टश्टोफहोफवर, म्हणजे टाकाऊ वस्तू गोळा करणाऱ्या केंद्रावर, न्यावा. तिथे घरगुती उपकरणांचे पैसे पडत नाहीत. बॅटरी सहज निघत असेल तर वेगळी द्यावी, आणि फुगलेली असेल तर खोलायच्या फंदात न पडता तिथल्या माणसाला तसं सांगून हातात द्यावी.